बर्फाच्या दारातला पिवळा गार्ड

मी एक जुना गार्ड आहे. आगगाडीच्या शेवटच्या डब्यात झेंडा घेऊन उभा असतो तो नव्हे, आणि बँकेच्या दारात डुलक्या काढतो तोही नव्हे. बर्फावर नाचणाऱ्या मुलामुलींच्या बुटांखाली लांब पोलादी पातं असतं ना, त्यावर चढवायचं मी प्लास्टिकचं म्यान. तलवारीचं म्यान माणसांना तलवारीपासून वाचवतं. माझं काम उलटं. मी पात्याला माणसांच्या फरशीपासून वाचवतो.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं आणि बघता बघता मी आणि माझा जुळा भाऊ, दोघं पिवळेधमक होऊन बाहेर पडलो. आमच्या पोटात एकेक स्प्रिंग बसवली, की झालो तयार. दुकानात मात्र पहिल्याच दिवशी आमचा नक्षा उतरला. गिऱ्हाइकाचं पातं लहान निघालं, म्हणून दुकानदाराने करवत घेतली आणि आम्हा दोघांची शेपटं कापून टाकली. त्याबद्दल आजही मला त्याचा थोडा राग आहे.

ते गिऱ्हाईक म्हणजे भिंगरी. शाळेत तिचं नाव वेगळं होतं, पण एका जागी ती कधी बसलीच नाही, म्हणून घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. आम्हा गार्डांमध्ये खरं तर डावा-उजवा असा भेद नसतो. भिंगरीने तो केला. आईच्या नखांच्या रंगाच्या बाटलीतून तिने माझ्या टाचेवर एक लाल ठिपका दिला आणि म्हणाली, "तू डावा." तेव्हापासून मी डावा झालो, आणि भावापेक्षा थोडा देखणाही.

भिंगरीचे बाबा शहरात बस चालवायचे. त्यांची पाळी दुपारी सुरू व्हायची, त्यामुळे सकाळी लेकीला छताखालच्या बर्फाच्या मैदानात सरावाला आणायचं काम त्यांचं. खाकी शर्ट घालून ते पायऱ्यांवर बसायचे आणि थर्मासमधला चहा पीत बर्फाकडे बघायचे. भिंगरी आम्हाला पायात चढवून कपडे बदलायच्या खोलीतून टकटक करत निघायची. रबरी पट्ट्यांवरून, पाणी प्यायच्या नळावरून, पुन्हा विसरलेले हातमोजे आणायला मागे, असं करत अखेर बर्फाभोवतीच्या कठड्याच्या दाराशी. तिथे आम्हाला काढून ती कठड्यावर ठेवायची आणि आत पळायची. आम्ही तिथे उताणे पडून छताचे दिवे मोजायचो.

मला जग दिसायचं ते खालून. पडलेल्या केसांच्या पिना, चॉकलेटचे कागद, कुणाच्या तरी सुटलेल्या नाड्या. धुळीत, खड्यांत मीच पुढे व्हायचो, म्हणून पाती धारदार राहायची. धार लावणारे काका बूट हातात घेऊन म्हणायचे, "या मुलीचे गार्ड बरे दिसतात. पात्याला एक ओरखडा नाही." ते ऐकून मी दिवसभर फुगलेला असायचो. घरी जाताना मात्र ओलं पातं फडक्याने पुसून कापडी टोप्यांत जायचं, कारण माझ्यात ते ओलं राहिलं तर गंज चढतो. हे मला मान्य आहे. तरी त्या मऊ टोप्यांचा तोरा मला कधी सोसला नाही. एक पाऊल चालायला सांगा त्यांना!

असे छान दिवस चालले होते आणि भिंगरीची पहिली स्पर्धा आली. आईने शिवलेला निळा झगा, घट्ट बांधलेला अंबाडा, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त भिंगरीचं मन जागेवर नव्हतं. तिने नाड्या सोडून पुन्हा बांधल्या, पुन्हा सोडल्या. सकाळपासून अन्नाचा कण पोटात नव्हता. मग भोंग्यातून तिचं नाव पुकारलं गेलं. तिला शिकवणाऱ्या बाई हलकेच म्हणाल्या, "खांदे खाली, हसत जा." भिंगरी हसली, मान वर केली आणि ऐटीत बर्फावर पाऊल टाकलं.

आम्ही पायातच होतो!

मित्रांनो, पोलाद बर्फात रुतून उभं राहतं. प्लास्टिकला ती कला येत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत भिंगरीचे पाय वर आणि पाठ बर्फावर. गाणं अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं. पायऱ्यांवर कुणीतरी हसलं. तिने बसल्या बसल्या आम्हाला उपसून फेकलं आणि मी घसरत घसरत थेट परीक्षकांच्या टेबलाखाली जाऊन थांबलो. पुढे गाणं वाजलं, पण भिंगरी त्याच्या मागेच राहिली. उड्या मारल्यासारख्या मारल्या, गिरकी विसरली, आणि गाणं संपलं तेव्हा ती कुठेतरी भलत्याच कोपऱ्यात उभी होती.

परतताना ती बाबांशेजारी बसली नाही. बसच्या शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि पिशवीला, म्हणजे आम्हालाच, म्हणाली, "मी आता कधीच स्पर्धेला उभी राहणार नाही." मला फार वाईट वाटलं.

ती नाचणं सोडणार नव्हती, हे मात्र लगेच कळलं. सरावाला येऊन ती पूर्वीसारखीच सुरेख उडायची. पण वसंतातल्या स्पर्धेचं नाव निघालं की तिचे हात गार पडायचे. त्या स्पर्धेत उतरलं तरच वरच्या गटात जाता येणार होतं, आणि वरच्या गटात जाणं हे भिंगरीचं पहिल्या दिवसापासूनचं स्वप्न. एका सकाळी ती कठड्याशी येऊन म्हणाली, "बाई, मला असंच नाचू द्या ना. लोकांसमोर नको."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला हातात घेतलं, माझ्यावरचा बर्फाचा चुरा पुसला आणि विचारलं, "नाच की. पण मला एक सांग, दारात आलीस की काय होतं?"

"पोटात गोळा येतो. मग डोकं रिकामं होतं. मग काहीच आठवत नाही. गार्डसुद्धा."

"उडीचा सराव करतेस?"

"रोज."

"गिरकीचा?"

"रोज."

"आणि या दारातून आत जायचा?"

भिंगरीने दाराकडे वळून पाहिलं. बाई म्हणाल्या, "मग त्या बिचाऱ्या दाराने काय घोडं मारलंय? उद्यापासून आपण दाराचाही सराव करू."

दुसऱ्या दिवसापासून जी धमाल सुरू झाली, ती आठवली की आजही माझी स्प्रिंग थरथरते. बाबांना भोंग्याचं काम मिळालं. त्यांना नाव पुकारायची एकच रीत ठाऊक होती, बसमधली. ते खड्या आवाजात ओरडायचे, "पुढचा थांबा, भिंगरी! उतरणाऱ्यांनी दाराशी यावं!" बाकीची मुलं कठड्यावर ओळीने बसून परीक्षक व्हायची आणि तोंडं अशी आंबट करायची, की खरे परीक्षक लाजले असते. मग भिंगरीने दारात थांबायचं. एक श्वास घ्यायचा, डावा गार्ड काढून बाबांच्या हातात द्यायचा. दुसरा श्वास घ्यायचा, उजवा द्यायचा. मगच आत.

पहिल्या खेपेला ती मला काढून माझ्या भावाला विसरली आणि एका पायावर लटपटत कठड्याला लोंबकळली. सगळे परीक्षक हसून हसून कठड्यावरून खाली आले. भिंगरी आधी लाल झाली, आणि मग तीही हसायला लागली. त्या दारात ती हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बाई मध्येच टाळी वाजवायच्या. टाळी वाजली की भिंगरीने मुद्दाम खाली बसायचं, उठायचं आणि गाणं जिथे पोचलंय तिथे त्याला गाठायचं. "गाणं तुझ्यासाठी थांबणार नाही," बाई म्हणायच्या, "पण तुला सोडून पळूनही जाणार नाही. चल, गाठ त्याला."

एक दिवस भिंगरीने बाबांना विचारलं, "पण बाबा, इतकं करूनही त्या दिवशी भीती वाटलीच तर?"

बाबांनी थर्मासचं झाकण लावलं. म्हणाले, "वाटली तर गार्डांबरोबर तीही माझ्याकडे दे. मी धरून उभा राहतो. परत आलीस की बघू, हवी असली तर घे."

वसंत आला. तीच जागा, तोच भोंगा, तोच निळा झगा, फक्त खाली दोन बोटं वाढवलेला. भिंगरी आम्हाला पायात घेऊन दाराशी उभी राहिली. 

"बाबा, पोटात गोळा आलाय."

"येऊ दे. मागच्या वेळी तो आला तेव्हा तू एकटी होतीस. आज आपण तिघं आहोत त्याच्या पाहुणचाराला," बाबा म्हणाले. बाईंनी मान डोलावली.

नाव पुकारलं गेलं. भिंगरीने श्वास घेतला आणि मी बाबांच्या हातात गेलो. दुसरा श्वास, माझा भाऊही आला. आणि काय सांगू मित्रांनो, त्या हातांना दरदरून घाम फुटला होता!

भिंगरीच्याही ते लक्षात आलं. "बाबा, तुमचेच हात थरथरतायत!"

"बस चालवताना नाही थरथरत गं," बाबा पुटपुटले. "तिथे ब्रेक असतो."

भिंगरीला खुदकन हसू आलं, आणि त्याच हसण्याच्या भरात ती आत गेली. बर्फाने तिला अलगद झेललं.

आता मी जे सांगणार आहे, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख आहे. ज्या पात्याला मी इतके दिवस सांभाळलं, ते बर्फावर काय करतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी कायम कठड्यावर उताणा. त्या दिवशी बाबांनी मला छातीशी उभं धरलं होतं, म्हणून सगळं दिसलं. पातं बर्फावर पांढरी रेघ ओढत वळत होतं, जणू कुणी सुंदर अक्षर काढत होतं. भिंगरी मागे जात होती, वळत होती, उडत होती. पहिली उडी अगदी झकास उतरली. माझा ऊर भरून आला.

दुसऱ्या उडीला ती पडली.

 बाबांची बोटं माझ्यात इतकी रुतली, की मी मोडतो की काय असं वाटलं. भिंगरी उठली. तिने चेहरा वर केला, एक क्षणभर कान दिला, आणि दोन लांब पावलांत गाणं गाठलं. पुढची उडी तिने मारली, शेवटची गिरकीही घेतली, आणि ती गिरकी अशी होती, की घरच्यांनी ठेवलेलं नाव त्या दिवशी सगळ्यांना पटलं. शेवटच्या सुराला ती बरोबर मधोमध उभी होती, हात वर, धापा टाकत आणि हसत.

बाबांना टाळ्या वाजवायच्या होत्या आणि हातात तर आम्ही. म्हणून त्यांनी आम्हालाच एकमेकांवर आपटायला सुरुवात केली. टक! टक! टक! टक! माझा भाऊ आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो, आणि तेही एवढ्या मोठ्या आवाजात, की पायऱ्यांवरचे लोक वळून बघायला लागले. भिंगरीचा नंबर पाचवा आला. वरच्या गटात जायला तो पुरेसा होता. आम्ही मात्र ती पहिली आल्यासारखेच वाजत होतो.

भिंगरी दाराशी परतली, तेव्हा तिच्यानंतरची एक लहान मुलगी आत यायला निघाली होती. चेहरा पांढराफटक, नजर सरळ समोर, आणि पायांत दोन्ही गार्ड तसेच.

"अगं, थांब!" भिंगरीने दार अडवलं. "गार्ड!"

मुलीने खाली पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "विसरलेच मी."

"मीपण विसरले होते. अख्ख्या गावाने पाहिलंय." भिंगरीचा श्वास अजून फुललेला होता. तिने हात पुढे केला. "श्वास घे. दे इकडे. मी धरून उभी राहते."

मुलीने एक गार्ड दिला, मग दुसरा, आणि आत गेली. भिंगरी ते जांभळे गार्ड छातीशी धरून बर्फाकडे टक लावून बघत उभी राहिली. स्वतःचे गार्ड मागून घ्यायचं तिला सुचलंच नाही. तेव्हा बाबा खाली वाकले, गुडघ्यावर बसले, आणि त्यांनी आम्हाला एकेक करून तिच्या पायांत चढवलं. तिला ते कळलंसुद्धा नसेल.

पुढे भिंगरीचे पाय वाढले, नवे बूट आले, नवे गार्ड आले. आम्ही माळ्यावरच्या एका खोक्यात गेलो. कितीतरी वर्षं अंधारात पडून होतो. माझी स्प्रिंग सैल झाली, भावाला टोकाशी चीर गेली. लाल ठिपका तेवढा टिकला. आपलं काम संपलं, असं मला वाटायचं, आणि ते वाटणं सोपं नसतं मित्रांनो.

मग एक दिवस खोकं उघडलं. भिंगरी आता लहान मुलांना शिकवते. तिने आम्हाला पुसून घेतलं आणि बर्फाच्या दाराशी एका खिळ्यावर टांगलं. तेव्हापासून आम्ही इथे आहोत. आत जाणारं प्रत्येक मूल आम्हाला एकमेकांवर आपटतं, टक, आणि मग लक्षात ठेवून स्वतःचे गार्ड काढतं. बाबा आता बस चालवत नाहीत. ते थर्मास घेऊन दाराशीच बसतात. सकाळच्या वर्गाला बघाल, तर त्यांच्या दोन्ही हातांत, काखेत, शर्टाच्या खिशांत लाल, हिरवे, निळे गार्ड खचाखच भरलेले असतात.

जाता जाता माझं एवढं ऐका. ओलं पातं माझ्यात ठेवू नका, नीट पुसा. जुने झालो म्हणून आम्हाला कचऱ्यात टाकू नका. आणि कुणी आपल्या पाळीची वाट बघत गारठलेल्या हातांनी दारात उभं असेल, तर त्याला 'घाबरू नकोस' म्हणू नका, त्याने काही होत नाही. नुसता हात पुढे करा. ती बघा, आता एक चिमुरडी दाराशी आली आहे आणि बाबा तिला म्हणतायत, "द्या बाईसाहेब, द्या इकडे. एका हातात अजून जागा आहे."