ओटिलीचा डावा हात

आनाबेर्गच्या पेठेत आल्विन राइशेलच्या फोटो स्टुडिओत क्ष-किरणांचं यंत्र आलं आणि गावाला स्वतःच्या मांसाचा कंटाळा आला. ज्याला त्याला हाडं बघायची होती. लग्न ठरलेली जोडपी एकमेकांच्या हाडांचे फोटो दिवाणखान्यात टांगू लागली. नगराध्यक्ष आपल्या फासळ्या पाहून भारावले; इतका सडपातळ माणूस आपल्या आत राहतो, याची त्यांना कल्पना नव्हती.

यंत्रातली काचेची नळी मात्र लहरी. ती नीट पेटली की नाही, हे रोज सकाळी नळी आणि चमकत्या पडद्यामध्ये जिवंत हात धरूनच कळे. आल्विनचा हात थरथरे. त्याची बायको ओटिली लेस विणणारी, तिचा हात दगडासारखा स्थिर. उजव्या हाताने ती कॉफी पीत असे, डावा नळीपुढे.

"दिसतायत का रे माझी हाडं?"

"दिसतायत. तुझ्यासारखीच हट्टी आहेत."

पुढे त्या हाताची कातडी लाल झाली, मग चिरली. हे किरण त्वचेचे रोग बरे करतात, असं आल्विनने वर्तमानपत्रात वाचलं होतं. म्हणून गिऱ्हाइकं गेली की तो तोच हात मायेने पुन्हा नळीपुढे धरी. जखम वाढली की वेळही वाढवी. ती म्हणायची, जळजळतंय. तो म्हणायचा, औषध लागू पडतंय.

डॉक्टरांनी आधी बोटं काढली, मग मनगटापासून हात. आल्विनने नळी फोडून टाकली. नगराध्यक्षांना वाईट वाटलं. त्यांच्या पोटाचा फोटो काढायचा राहिला होता.

पुतणीच्या लग्नाची लेस विणायच्या उशीवर टाचण्यांसकट अर्धवट पडून होती. आल्विन ओटिलीच्या डाव्या बाजूला जाऊन बसला आणि त्याने आपला डावा हात पुढे केला. धडधाकट, पाचही बोटं जागच्या जागी. तिने त्यात लेसच्या धाग्यांची दोन लाकडी रिळं दिली.

"हे त्याच्यावरून. ओढू नकोस."

त्याने ओढलंच. धागा तुटला.

"मला वाटलं होतं, बरं होईल," तो म्हणाला.

"माहितीये. हात तर मीच पुढे करत होते ना?" तिने धाग्याचं टोक दातांत धरलं, एका हाताने सांधलं. "चल, पुढचं घे. वेळेत संपायला हवी."

"लग्न वसंतात आहे. घाई काय?"

दुखणं काखेपर्यंत चढलंय, आता फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी फक्त त्यालाच सांगितलं होतं.

"काख माझीच आहे, आल्विन," ओटिली म्हणाली. "मला काय कळत नाही?"

त्याने पुढचं रीळ उचललं. हात थरथरतच होता. तिने आपला उजवा त्यावर ठेवला आणि तो स्थिर होईपर्यंत तसाच धरून ठेवला.