खोक्यातलं खोकं

"थांब गो, असा नको भरू!"

महमूद बाकावरून उठून आत गेला, तेव्हा तिथे काम करणारी सुरभी यंत्राभोवती थर्माकोलचा चुरा कोंबत होती. रोह्याच्या त्या धर्मादाय दवाखान्यात रक्त तपासायचं एवढं एकच यंत्र. ते बिघडलं होतं आणि दुरुस्तीला पुण्याला निघालं होतं. मागच्या वर्षी असंच पाठवलं, तर वाटेतच आतल्या काचा फुटल्या आणि निडी-खांबसारख्या आसपासच्या गावांतल्या लोकांना साध्या साखरेच्या तपासणीसाठी तीन महिने पेणपर्यंत खेटे घालावे लागले. त्यांत महमूदची बायको फरझानाही होती.

"चाचा, तुम्हाला येतं हे?" सुरभीने विचारलं.

महमूदने दाराकडे पाहिलं. फरझाना तिथेच उभी होती. सत्तावीस वर्षं तो दुबईत राहिला. घरी, गावात, मुलाच्या सोयरिकीतसुद्धा त्याने एकच सांगितलं होतं: कार्गो कंपनीत सुपरवायझर, एसीत बसून काम.

"येतं," तो म्हणाला. "तेच करायचो मी."

त्याने बाह्या वर सारल्या. चुरा सगळा काढायला लावला.

"हा आतला दांडा हलतो ना, त्याला पयला बांध. नायतर तोच सगळं फोडील."

यंत्रातला दिवा काढून वेगळा गुंडाळला. कोपऱ्यांना फोम, वर फुग्यांचं प्लास्टिक. यंत्र एका खोक्यात गेलं, ते खोकं मोठ्या खोक्यात, मधे चारी बाजूंनी चार-चार बोटं फोम. फरझाना कधी आत आली आणि कात्री पुढे करू लागली, त्याला कळलंही नाही.

"आता दोघी धरा न् हलवा."

आतून बारीकसं टक् झालं.

"उघडा."

"चाचा, गाडी दाराशी हाय. ड्रायव्हर ओरडतोय."

"ओरडू दे. उघडा."

यंत्रातल्या द्रावणाच्या एका बाटलीचं बूच ढिलं राहिलं होतं. पुन्हा सगळं भरलं, पुन्हा हलवलं. काही वाजलं नाही. मग त्याने चिकटपट्टी ओढली आणि चारी बाजूंना वर जाणारे बाण काढले.

घरी जाताना रिक्षात फरझाना एवढंच म्हणाली, "मला का नाय सांगितलंत?"

"पेट्या भरनारा म्हनले असते लोक."

नंतरचे तीन दिवस तिने तो विषय काढला नाही. चौथ्या दिवशी सुरभीचा फोन आला: यंत्र पुण्याला शाबूत पोचलं, काचेला ओरखडासुद्धा नाही. महमूदने फोन ठेवला. फरझाना जवळ येऊन बसली आणि त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. बोटांवर आडव्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या.

"या कशाच्या?"

"पेटी आवळायची पट्टी कापते. सगळ्यांच्याच हातावर असतात."

दोन वर्षांतून दोन महिने हा हात तिच्या घरी यायचा. तिने खिडकी उघडली, उजेडात तो हात नीट धरला आणि एकेक रेघ पाहू लागली.