गयासभाईच्या भट्टीचं दार

दिवाळी तोंडावर आली की अकोल्यात घरचं तूप घराबाहेर पडतं. रवा, मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन माणसं बेकरीत जातात, बिस्किटं करून घेतात आणि आपला ट्रे भट्टीतून निघेपर्यंत तिथून हलत नाहीत. बेकरीवाल्यावर अविश्वास असतो असं नाही. आपलं तूप दुसऱ्याच्या बिस्किटात जाऊ नये, एवढीच माफक काळजी असते, आणि घरचं एक माणूस तिथे बसवल्याशिवाय ती मिटत नाही.

कौशल्याबाईंच्या घरचं हे माणूस म्हणजे त्यांचे यजमान खुशालराव. नांदगाव पेठेतल्या एका कारखान्यात कापड वाळवायच्या भट्ट्या सांभाळता सांभाळता ते निवृत्त झाले होते. घरी सांभाळण्यासारखं फार काही नव्हतं, आणि जे होतं ते कौशल्याबाई सांभाळत.

यंदा मामला नाजूक होता. लेक प्राजक्ता हिवरखेडला दिली होती. लग्नाच्या रुखवतातलं एक बिस्किट विहीणबाई जमुनाबाईंनी उचललं, त्याची काळी पडलेली कड पाहिली आणि काही न बोलता ते ताटात परत ठेवलं. बोलल्या असत्या तर कौशल्याबाईंनी उत्तर दिलं असतं. न बोललेल्याला उत्तर देता येत नाही. त्यामुळे ते उत्तर घरातच फिरत राहिलं आणि बहुतेक वेळा खुशालरावांच्या वाट्याला आलं.

"पोरीची पहिली दिवाळी हाय," कौशल्याबाईंनी बजावलं. "डबा जाईन तर एकसारख्या रंगाचा जाईन. नाईतर तुमी सोता हिवरखेडले जा, न् इहीनबाईले सांगा काहून जयलं ते."

हिवरखेडला जाण्यापेक्षा भट्टी दुरुस्त करणं सोपं, असा विचार करून खुशालरावांनी बिस्किटं करायच्या आदल्या दिवशी सकाळीच पाने-पेचकस अशी हत्यारं घेऊन, रुखवताची बिस्किटं जिथे भाजली होती ती गयासुद्दीनची बेकरी गाठली.

गयासुद्दीनची भट्टी लोखंडी कपाटासारखी उभी होती. ट्रे लावलेली ट्रॉली आत ढकलायची, दार लावायचं. मागून पंखा गरम हवा सोडतो आणि ट्रॉली गोल फिरत राहते, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या भाजतात. निदान भट्टी विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं.

"गयासभाई, तुमची भट्टी बिस्किटाची एकच बाजू जायते."

"भट्टी नाई, खुशालभाऊ, नसीब जयते," गयासुद्दीन म्हणाला. "पाव एकदम बढिया निघते. टोस्ट बी. ह्या दिवाळीच्या बिस्किटांलेच काय होते, अल्ला जाने."

"पंख्यात गडबड हाय," खुशालरावांनी पंखा न पाहताच निदान केलं.

मग पाहिला. पंखा ठणठणीत होता. बर्नर उघडला, तोही स्वच्छ. ट्रॉली फिरवणारी मोटर निमूटपणे आपलं काम करत होती. शेवटी त्यांनी ट्रेच्या चारही कोपऱ्यांत पावाच्या चकत्या ठेवल्या आणि बाकी रिकामी भट्टी चालवून पाहिली. सगळ्या चकत्या सारख्याच बदामी रंगाच्या निघाल्या. खुशालरावांना फार वाईट वाटलं. दोष नसलेलं यंत्र म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईंचं पीठ घेऊन ते नंबराला बसले. भट्टीत त्यांच्या आधी नंबर लागलेल्या चतुराबाईंची ट्रॉली होती. ट्रॉलीची घरघर ऐकत खुशालरावांना डुलकी लागत होती, तेवढ्यात घरघर थांबली.

त्यांनी डोळे उघडले. चतुराबाई भट्टीच्या दारापासून परत येत होत्या.

"दार काहून उघडलं?"

"माह्या ट्रेले पायलं."

"काय होणार होतं ट्रेले?"

"तेच तं पायलं," चतुराबाई म्हणाल्या.

खुशालराव उठले. दार तापलेलं, म्हणून बाईंनी ते कोपराने नुसतं लोटलं होतं. पूर्ण बसलं नाही, म्हणून आतला खटका दबला नाही. खटका दबला नाही, म्हणून ट्रॉली थांबलेली. पंखा मात्र चालूच होता. त्याच्यासमोर जी बाजू थांबली, तिची होळी. पावाच्या वेळी दार उघडायला कोणी येत नव्हतं, म्हणून पाव कधी जळत नव्हता.

हे सगळं त्यांनी जमलेल्या मंडळींना नीट समजावून सांगितलं. मंडळींनी ते आदराने ऐकलं. बोलणं चालू असतानाच मागे एका गृहस्थांनी दार उघडून आपला ट्रे पाहिला.

"दाराले काच असते ना पायाले," खुशालराव म्हणाले. दारावर मधोमध एक चंदेरी चौकोन होता. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. "गयासभाई, हे काजयी नाई. हा रंग हाय."

"हाय. म्याच मारला."

"काचेवर?"

"तुमाले काय सांगू," गयासुद्दीन म्हणाला. "काच होती तं सगळे काचेले चिपकून मले भाजणं शिकवत. आता काढ, अजून ठेव, खालचा ट्रे पाय, वरचा पाय. माही बायको सितारा म्हणे, झाकून टाका. झाकली. मंग हे लोक दार उघडाले लागले."

चतुराबाईंची ट्रॉली निघाल्यावर भट्टी बंद करून थोडी निवू दिली. खुशालरावांनी ब्लेडने रंग खरवडला, आतला दिवा बदलला आणि दार लोटलं की आपोआप घट्ट बसेल अशी कडी सैल केली. नंबरातले लोक कुरकुरले, पण कोणी उठून गेलं नाही. तूप तिथेच होतं.

यजमान अजून का आले नाहीत हे पाहायला कौशल्याबाई आल्या, तेव्हा त्यांचीच ट्रॉली आत गेली होती. काचेसमोर टीव्ही लावल्यासारखी गर्दी होती.

"वरची फुगून राहिली."

"खालची काऊन नाई फुगत?"

गयासुद्दीन भिंतीकडे तोंड करून चहा पीत होता.

कौशल्याबाई गर्दीतून सरळ पुढे गेल्या आणि त्यांनी पदराने कडी धरली.

"नाई," खुशालराव म्हणाले.

काचेसमोरच्या सगळ्या माना वळल्या. खुद्द खुशालरावही दचकले. संसारात हा शब्द त्यांनी कौशल्याबाईंना उद्देशून वापरल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"माहं तूप हाय," कौशल्याबाई म्हणाल्या.

"म्हणूनच. काचेतून पाय."

कौशल्याबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग काचेकडे. कडीवरचा हात हळूच खाली आला. ट्रॉली घरघरत राहिली.

बिस्किटं निघाली ती या कडेपासून त्या कडेपर्यंत बदामी. कौशल्याबाईंनी एकेक उलटून पाहिलं. तक्रारीला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी खुशालरावांना विचारलं, "जेवले काय?"

डबा हिवरखेडला गेला. दोन दिवसांनी प्राजक्ताचा फोन आला.

"आई, सासूबाईनं एक घेतलं. उलटंपालटं करून पायलं. मंग खाल्लं."

"काय म्हणल्या?"

"काईच नाई."

कौशल्याबाई खाली बसल्या. पेपरामागे खुशालराव हिवरखेडच्या गाडीच्या वेळा आठवू लागले.

"मंग डबा उचलला," प्राजक्ता म्हणाली, "न् आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मले दोनच देल्ली."

कौशल्याबाईंनी फोन ठेवला आणि पदर खोचून त्या शेजारी गेल्या. पहिल्या दिवाळीला पोरीला फक्त दोन बिस्किटं मिळाली, हे त्या दिवसभर गल्लीत घरोघरी मोठ्या खुशीत सांगत होत्या.