सही आणि अंगठा

जयवंताने कोर्टाच्या पायरीशी तंबाखूची पिचकारी टाकली आणि आत पाहून नाक मुरडलं. एका बाकावर कर्जतचा आबाजीशेठ, दुसऱ्यावर खोपोलीचा मालोजीशेठ. पाण्यात वारा भरून विकणारी माणसं, आणि ऐट संस्थानिकांची. भांडण कशाचं, तर खालापूरच्या नाक्यावर जयवंताच्या दुकानात कोणाचा सोडा विकायचा याचं. महायुद्ध संपलं तरी घाट चढणाऱ्या लॉऱ्या तिथे थांबत, म्हणून दोघांचाही जीव त्या दुकानात अडकलेला.

आबाजीने मालोजीवर दावा लावला होता. त्याच्या करारावर जयवंताची झोकदार सही होती: पाच वर्षं दुसऱ्या कोणाची बाटली ठेवणार नाही. मालोजीने त्याच दुकानाचा दुसरा करार पुढे केला. त्यावर नुसता अंगठा.

“बनावट हाय, साहेब,” जयवंता साक्षीत म्हणाला. “आमच्या घरात सही चालते. अंगठेबहाद्दर दुसरे कोन असतील.”

मालोजीच्या वकिलाने मग इंदूबाईला बोलावलं. आपली बायको पिंजऱ्यात उभी राहिलेली पाहून जयवंताला हसू आलं. हिला चुलीपलीकडचं काय कळतं, असं तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा.

“अंगठा माजा हाय,” इंदूबाई म्हणाली. पिशवीतून तिने एक जुना कागद काढला. “जागा, दुकान, सगळं माज्या बापानं माज्या नावावर केलंय. ह्यांनी सही केली ती मला न इचारता.”

न्यायाधीशांनी कागद दोनदा वाचला.

“मग मालोजींचाच सोडा का, बाई?”

“सोडा दोगांचा सारकाच. पन मालोजीशेठच्या मानसानं मला कागद वाचून दाखवला. पाच वर्सं लिवली होती, मी एक करायला लावलं.”

दावा फेटाळला गेला. जाताना आबाजीने जयवंताकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो निघून गेला.

दुपारी दोघं नाक्यावर परतली. इंदूबाईने फळ्या काढून दुकान उघडलं. जयवंता आत न जाता गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसला.

“बघू तो करार,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “काय लिवलंय त्यात?”

“कागद कशाला? मी सांगते.”

पाण्याच्या पिंपात बाटल्या लावता लावता ती एकेक कलम सांगू लागली, कुठेही न अडखळता. जयवंता ऐकत राहिला. आपण सही केलेल्या कागदातली एक ओळ तरी आठवते का, ते तो बघत होता. आठवत होती ती फक्त सही.