तातीचं धनुष्य

आरमोरीच्या अयूब पिंजाऱ्याच्या तोंडून कुणाची स्तुती निघणं म्हणजे महाकठीण काम. गादी भरून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक शेजारी बसून आपल्या जावयाचं नाहीतर नव्या मोटारसायकलचं कौतुक सांगू लागलं, की हा पठ्ठ्या हात लांबवून कापूस पिंजायचं मशीन सुरू करायचा. मग कोण बोलतो आणि कोण ऐकतो! पण कोसंबटोल्याच्या गोविंदाभाऊचा विषय निघाला, की तोच अयूब चालू मशीन बंद करून सांगत बसे. मग गिऱ्हाइकाला घाई असली तरी सुटका नसे.

गोविंदाभाऊ म्हणजे वैनगंगेच्या काठचा, तलावात जाळं टाकून पोट भरणारा सदुसष्ट वर्षांचा माणूस. अंगाने काटकुळा, बोलायला तिरकस आणि धनुष्याचा वेडा. कोसंबटोल्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, त्या दिवशी सकाळी तिरंदाजी होते. साठ पावलांवर उंच बांबूला कोहळा टांगतात. प्रत्येकाला तीन तीर, त्यातला एक लागला तरी पुरे. पण लागोपाठ दोन मंडयांना ज्याचा एकही तीर लागला नाही, त्याने आपलं धनुष्य गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाला टांगायचं आणि पुन्हा तीर मारायच्या रेघेवर उभं राहायचं नाही. यावर कुणी हुज्जत घालत नाही. कितीतरी नामी तिरंदाजांची धनुष्यं त्या मोहाला लटकून उन्हापावसात काळी पडली आहेत.

चाळीसेक वर्षांत गोविंदाभाऊचा कोहळा चुकला नव्हता. गेल्या मंडईला चुकला. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून घसरून त्याचा उजवा खांदा निकामी झाल्यासारखा झाला होता. त्याचं भरीव बांबूचं धनुष्य गावातल्या दांडग्या गड्यांनाही घाम फोडायचं. ते त्याला जेमतेम छातीपर्यंत ओढता आलं आणि तिन्ही तीर कोहळ्याच्या अलीकडे मातीत रुतले. आता ही मंडईही तशीच गेली, तर धनुष्य मोहाला जाणार होतं.

गावाने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. अयूबनेही लावला होता, खोटं कशाला बोला. होळीनंतर तो भरायच्या रजया गोळा करायला कोसंबटोल्याला गेला, तेव्हा दोन शब्द समजुतीचे बोलावेत असं ठरवूनच गेला होता. अंगणात पाहतो तर भिंतीला ओळीने सात धनुष्यं टेकवलेली, आणि आठवं गोविंदाभाऊ फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडत बसलेला. आजूबाजूला बांबूच्या भुशाचा ढीग.

"पाहा ना अयूबभाऊ," कुंताबाई, म्हणजे गोविंदाभाऊची बायको, दारातूनच म्हणाली, "तुमच्या भाऊले खूळ लागलं. खांदा दुखते मनते, अन् दिवसभर बांबू तासत बसते. चुलीले लाकूड आणा म्हटलं त आयकू येत नाई."

"खांदा काही आता जवान होत नाई," गोविंदाभाऊने मान वर न करता उत्तर दिलं. "मंग धनुष्यालेच माह्या वयाचं कराव लागन."

अयूबचे समजुतीचे दोन शब्द तोंडातल्या तोंडात राहिले. तो खाली बसला आणि पाहू लागला.

हलकं धनुष्य करणं सोपं होतं, ते तर पहिल्याच आठवड्यात झालं होतं. भानगड पुढे होती. जुने जाड तीर त्या हलक्या धनुष्यावरून सुटले की सगळे डावीकडे जायचे. गोविंदाभाऊने आधी स्वतःच्या डोळ्याला दोष दिला, मग हाताला, मग कुंताबाईला, ती मध्येच हाक मारते म्हणून. शेवटी त्याच्या ध्यानात आलं की जोरकस धनुष्य तिराला सुटताना वाकवतं, आणि तो वाकून धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून सरळ निघतो. हलक्या धनुष्यात तेवढा जोर नाही, म्हणून ताठ तीर वाकतच नाही आणि बाजूला फेकला जातो. तेव्हापासून तो तीरही खरवडत होता. एक तीर खरवडायचा, मारायचा, पुन्हा खरवडायचा. असे किती तीर फार पातळ होऊन मोडले, याची मोजदाद त्यानेही ठेवली नव्हती.

"चाळीस साल तीर मारले, अन् तीर वाकते हे मले आत्ता समजलं," तो म्हणाला आणि खो खो हसला. आपलीच चूक सापडल्यावर इतका खूश होणारा माणूस अयूबने जन्मात पाहिला नव्हता.

"मंग आता काय अडलं?" अयूबने विचारलं.

"दोरी." त्याने धनुष्याची दोरी पुढे केली. तिकडे बांबूचीच कामटी तासून दोरी करतात. मजबूत खरी, पण जड. "सारा जोर ही दोरीच खाऊन टाकते. तिराले उरतच नाई काही. पन्नास पावलांवर तीर बसून जाते."

पुढच्या रविवारी अयूब स्वतःहून आला, आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक वेटोळं काढून त्याने गोविंदाभाऊच्या हातात दिलं. मशीन येण्याआधी अयूबचा बाप ज्या मोठ्या धनुष्यासारख्या पिंजणाने कापूस पिंजायचा, त्याची ती तात होती. बकऱ्याच्या आतड्याची, सुतळीपेक्षा बारीक, कामटीच्या निम्म्या वजनाची. बाप गेल्यापासून ती तशीच जपून ठेवली होती. दुसऱ्या कुणी मागितली असती तर अयूबने सरळ नाही म्हटलं असतं, आणि हे तो आजही छाती ठोकून सांगतो.

"पण एक सांगून ठेवतो भाऊ," तो म्हणाला, "तात ओल धरते. हवेत दमटपणा आला का ढिली पडते. माहे अब्बा पावसाळ्यात पिंजणाले हात लावत नव्हते."

गोविंदाभाऊने तात धनुष्याला चढवली आणि बोटाने छेडली. ती अशी काही घुमली की कुंताबाई पदराला हात पुसत बाहेर आली. पहिलाच तीर साठ पावलांच्या पुढे जाऊन परसातल्या घागरीवर बसला. घागर गेली. त्या संध्याकाळी त्या घरात जे बोलणं झालं, ते अयूब सांगत नाही.

मग पावसाळाभर अयूबला एकच चिंता. मंडई कार्तिकात, आणि कार्तिकात सकाळी नदीवरून धुकं येतं. त्याने दोनदा निरोप धाडला की कामटीच बांधा म्हणून. गोविंदाभाऊने निरोपाला उत्तर दिलं नाही. अयूब भेटायला गेला, तर घराच्या भिंतीवर कोळशाने रेघाच रेघा ओढलेल्या. झडीच्या दिवसांत, ज्या हवेत अयूबच्या बापाने तातीला हात लावला नसता, त्याच हवेत हा मुद्दाम तीर मारत होता. तात ढिली पडली की उतरवायची, तिला पीळ द्यायचा, पुन्हा चढवायची, आणि किती पिळांनी तीर कुठे गेला ते भिंतीवर लिहायचं. मधमाशीचं मेण चोळल्यावर किती वेळ टिकते, तेही लिहिलेलं.

"मेण लावलं का दहा मिंट ओल आत घुसत नाई. मंग घुसते. अन् एकडाव घुसली का पीळ एकदाच काम देते, तेही दोनक मिंट," गोविंदाभाऊ म्हणाला. "दहा मिंट लय झाले."

अयूब हात जोडायचाच बाकी राहिला होता. स्वतःच्या धंद्यातली वस्तू, जन्मभर घरात असलेली, आणि तिचा हा गुण त्याला ठाऊक नव्हता. सदुसष्टाव्या वर्षी माणूस असा नव्याने शिकायला बसतो, हे पाहून त्याचं मन भरून आलं, आणि आपण दोन शब्द समजुतीचे बोलायला निघालो होतो याची त्याला लाज वाटली.

मंडईच्या सकाळी धुकं असं दाटलं की साठ पावलांवरचा कोहळा पुसट दिसत होता. रेघेचा कारभार बुधरीबाईकडे. नव्वदीला आलेली ही बाई नावं पुकारते, आणि तिच्या शब्दापुढे सरपंचाचंही चालत नाही. गोविंदाभाऊचं ते बारकं धनुष्य पाहून लोकांत खसखस पिकली. बुधरीबाई मात्र हसली नाही. ती मायेने म्हणाली, "गोविंदा, खांदा बरा नाई ना तुहा? चाळीस पावलांवरून मार. कोणी काही मनणार नाई."

"मी मनीन ना बाई," गोविंदाभाऊ म्हणाला आणि रेघेवर जाऊन उभा राहिला. कमरेच्या धोतराच्या घडीत उबेत ठेवलेली तात त्याने काढली, मेण चोळलं आणि चढवली.

पण त्याने तीर लावला आणि एवढ्यात कोहळ्यापलीकडे दोन गाई आडव्या आल्या. त्या हाकलायला चौघे धावले. गाई कसल्या ऐकतात! त्या बाजूला होईस्तोवर पाव तास गेला. अयूब गर्दीत उभा राहून बोटं मोडत होता. पहिला तीर सुटला तेव्हा तातीचा आवाज पडलेला होता. तीर कोहळ्याच्या चार पावलं अलीकडे जमिनीत घुसला.

"गेलं," कुणीतरी म्हणालं. अयूबला वाटलं, आपल्याच तातीने भाऊला मान खाली घालायला लावली.

गोविंदाभाऊने शांतपणे तात उतरवली. ओठ हलवत मोजून तिला पीळ दिले, पुन्हा मेण फिरवलं, चढवली. दुसरा तीर सणसणत गेला आणि कोहळ्याच्या दोरीला घासून पलीकडे पडला. कोहळा जोरजोरात झोके घेऊ लागला. लोक एकदम ओरडले. रेघेजवळचे दोघेतिघे म्हणाले, "थांब गा, कोहळा ठरू दे! शेवटचा तीर हाय." बुधरीबाईनेही हात वर करून थांबायची मोकळीक दिली.

गोविंदाभाऊने कोहळ्याकडे पाहिलं. मग तातीवरून अंगठा फिरवला. आणि तीर लावला.

"घाई करून राह्यला बुढा!" मागून कुणीतरी हळहळलं. गर्दीतल्या साऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा धीर सुटला. एकट्या अयूबला कळलं की ओल घुसलेल्या तातीचा एकदाचा पीळ देऊन झालाय, कोहळा ठरेस्तोवर ती पुन्हा ढिली पडणार, आणि ढिल्या तातीवरून स्थिर कोहळाही लागायचा नाही. ताठ तात आणि हलता कोहळा, की ढिली तात आणि ठरलेला कोहळा, एवढंच निवडायचं होतं. अयूबचा जीव टांगणीला लागला. त्याने डोळे मिटले नाहीत, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटतं.

गोविंदाभाऊने तीर कानापर्यंत ओढला. दुखरा खांदा अजिबात थरथरला नाही, कारण थरथरण्याइतकं ओझं त्याने त्या खांद्यावर ठेवलंच नव्हतं. कोहळा एका टोकाला गेला, परत फिरला, आणि मधोमध येण्याच्या जरा आधी तात घुमली. धुक्यात ठप्प असा आवाज झाला. कोहळा तीर पोटात घेऊनच दुसऱ्या टोकाला गेला.

मग काय विचारता! ढोल वाजला, टोप्या उडाल्या, आणि मघाशी हसलेले सगळ्यात पुढे धावले. अयूब गर्दीतून वाट काढत पोहोचला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते लपवतही नव्हता. गोविंदाभाऊ मात्र कोहळ्यापाशी वाकून तीर कुठे बसला ते बोटांनी मोजत होता.

"चार बोटं डावीकडे," तो नाराजीने म्हणाला. "तीर अजून जरा खरवडाव लागते, अयूब."

बुधरीबाई काठी टेकत तिथवर आली. तिने आधी कोहळा पाहिला, मग ते बारकं धनुष्य हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "पुढच्या सालासाठी नाव ठेवू ना गोविंदा? ह्याच धनुष्यासंग?"

"नाव ठेव बाई," गोविंदाभाऊ म्हणाला. "धनुष्याचं आत्ताच नाई सांगता येत."