एका कार्बुरेटरचा दीड फेरा

मित्रांनो, मोटरसायकल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे चाके येतात, टाकी येते, चकचकीत आरसे येतात. टाकीच्या खाली इंजिनाला चिकटून मुठीएवढा एक धातूचा तुकडा बसलेला असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तो मी. मी एक जुना कार्बुरेटर आहे. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला भरवणे हे माझे काम. पेट्रोल जास्त झाले की इंजिनाला अपचन होते, हवा जास्त झाली की त्याची उपासमार होते. हे काम मी छत्तीस वर्षे करतो आहे. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण माझी करायला दुसरे कोण येणार? तेव्हा दोन शब्द मीच बोललो, तर राग मानू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतून माझे अंग घडवले गेले. मग पोटात पेट्रोलचा छोटा हौद आला, त्यात तरंगणारा फ्लोट आला, आणि शेवटी पितळेचे जेट बसवले गेले. जेट म्हणजे बारीक भोक असलेला पितळी स्क्रू. भोक इतके बारीक की त्यातून केसही कष्टाने जावा. माझी सगळी अब्रू त्या भोकात आहे. तिथे एक कण अडकला की मी खोकलो, आणि ते भोक जरा रुंदावले की मी बिघडलो.

ज्यांनी आमची मोटरसायकल घेतली, ते शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात फिटर होते. सगळी गल्ली त्यांना फिटर म्हणूनच हाक मारी, म्हणून मीही तेच म्हणतो. पंपघरात दिवसभर आठ पंप घरघरत असत. त्या गोंगाटात उभे राहून कुठल्या पंपाचे कुठले बेअरिंग आठवडाभरात जाणार, हे फिटर नुसत्या कानाने सांगत. त्यांच्या कानाचा पंपघरात मोठा दरारा होता.

तोच कान मला लाभला. दर दोन-तीन महिन्यांनी, सुट्टीच्या सकाळी, ते मला उतरवून जेवणाच्या टेबलावर आणत. खाली जुने वर्तमानपत्र, शेजारी एनॅमलची पांढरी ताटली. माझा एकेक भाग सुटे. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने बसत. जुन्या टूथब्रशने आंघोळ होई, आणि जेटमधून सायकलच्या पंपाने हवा मारली जाई. हवाच, दुसरे काही नाही. "जेटमध्ये तार घालणारा आणि कानात काडी घालणारा, दोघे सारखेच गाढव," असे ते म्हणत. टेबलभर पेट्रोलचा वास सुटला की त्यांची बायको खिडक्या उघडत पुटपुटे, "जेवायचं टेबल आहे हो, दवाखाना नाही."

"अगं, पाचच मिनिटं."

ती पाच मिनिटे दुपारच्या जेवणापर्यंत चालत. मग मला गाडीवर चढवून, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली अंगणात गाडी सुरू करून, ते माझा स्लो लावत. म्हणजे हात सोडल्यावर इंजिन हळू आणि एकसारखे चालेल, असे मला बसवत. डोळे मिटून, मान किंचित कलती करून ते स्क्रू ड्रायव्हरने माझा हवेचा स्क्रू फिरवत. स्क्रू पूर्ण आवळून मग दीड फेरा बाहेर, हे त्यांचे माप. तिथे इंजिनाचा आवाज गोड व्हायचा. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येई, ते पाहून मला स्वतःचा अभिमान वाटे. ते माझे सोन्याचे दिवस होते.

फिटर निवृत्त झाले आणि तिथून माझे ग्रह फिरले. आता वेळच वेळ होता, तरी माझा स्लो बसेना. एक दिवस त्यांनी मला लावले आणि गाडी अंगणात किंचाळत उभी राहिली. समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घेतली. फिटर मात्र मान डोलावत म्हणाले, "आता कसं, ऐकू येण्यासारखं चाललंय."

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे कळले. दोष माझ्यात नव्हता. पंपांच्या घरघरीत इतकी वर्षे उभा राहिलेला तो कान थकला होता. बारीक आवाज त्याला सोडून गेले होते. स्वतःला ऐकू येईपर्यंत फिटर माझा वेग वाढवत होते. मला हे ओरडून सांगायचे होते, पण मला तोंड आहे ते फक्त हवा ओढायला.

त्यांची लेक परिचारिका आहे. ती दर रविवारी घरी येई. तिने एकदा सरळ विषय काढला. "बाबा, एकदा कान तपासून घेऊ या. आमच्याकडे डॉक्टर आहेत, मी येते सोबत."

"माझे कान?" फिटर असे भडकले की टेबलावरचा ट्रे हलला. "या कानांनी मी भिंतीपलीकडचं बेअरिंग ओळखलंय! कान ठणठणीत आहेत. हा कार्बुरेटर म्हातारा झालाय."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! मला वाईट वाटले, पण राग आला नाही. कानाच्या जोरावर ज्याने आयुष्यभर मान मिळवला, त्याने कान गेला हे कसे कबूल करायचे? ते कबूल केले तर आपण कोण उरतो, याची त्यांना भीती वाटत होती. त्यापेक्षा मला म्हातारे ठरवणे सोपे होते.

मग माझे हाल सुरू झाले. दर आठवड्याला मला उतरवायचे, खोलायचे, धुवायचे, चढवायचे. पॅकिंग बदलली, फ्लोट बदलला. एका दुपारी, घरात कुणी नसताना, फिटरनी जेट डोळ्यासमोर धरले, उजेडात बराच वेळ बघितले, आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातली एक सुई आणली. मला वाटले, माझे डोळे फुटले तर बरे. ज्या माणसाने जन्मभर जेटला हवेखेरीज काही लागू दिले नव्हते, त्याने माझ्या जेटमध्ये सुई घातली आणि फिरवली. भोक रुंदावले. आता मात्र मी खरोखरच बिघडलो. इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाऊ लागले, ठिणगी पाडणारा प्लग काजळीने काळा पडू लागला, आणि गाडी धूर ओकू लागली.

पुढच्या रविवारी लेक एक खोका घेऊन आली. त्यात नवा कोरा कार्बुरेटर होता, अगदी माझ्याच बनावटीचा. तिचा हेतू चांगला होता, वडिलांचा त्रास वाचावा एवढाच. फिटरनी खोका पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "याला आज शेवटची संधी. आज नाही जमलं तर हा भंगारात." मी त्यांच्या हातातच होतो. माझ्याबद्दलच बोलत होते.

गाडी सुरू झाली. मायलेकी दारात उभ्या होत्या. फिटरनी डोळे मिटले, मान कलती केली, आणि स्क्रू फिरवत वेग कमी करत नेला. मी जीव तोडून प्रयत्न केला. पण रुंदावलेल्या जेटातून पेट्रोल भसाभसा येत होते. इंजिन दोनदा ठसकले आणि बंद पडले. त्याच वेळी भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप चालू होता. त्याची जाड घरघर फिटरच्या कानात शिरली. पंपाचा आवाज, तो तर त्यांचा जन्माचा सोबती. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर अलगद उचलला. डोळे मिटलेलेच. चेहऱ्यावर ते जुने समाधान आले.

"ऐका," ते म्हणाले. "कसं गोड चाललंय बघा. आहे की नाही दम म्हाताऱ्यात?"

लेकीने तोंड उघडले, पण आईने तिचा हात दाबला. मग आईच पायऱ्या उतरून आली, तिने नवऱ्याचा हात धरला आणि टाकीवर ठेवला. टाकी निश्चल होती. फिटरनी डोळे उघडले.

"बंद कधी पडली?"

"मघाशीच."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला, मला उतरवून ताटलीत ठेवले, आणि आत जाताना दारातून एवढेच म्हणाले, "तो नवा कुणाकडून तरी बसवून घ्या." छत्तीस वर्षांत त्या गाडीला परका हात लागला नव्हता. स्वतःच्या भंगारात जाण्यापेक्षा मला त्या 'कुणाकडून तरी'चे जास्त दुःख झाले.

दहा दिवस मी ताटलीत पडून होतो. नवा खोक्यात, मी ताटलीत, आणि फिटर खुर्चीत, असे तिघेही रिकामे. ते गाडीकडे फिरकले नाहीत, फारसे बोललेही नाहीत. कुणी काही विचारले तर अंदाजाने मान हलवत.

अकराव्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोने टेबल पुसले, स्वतःच्या हाताने जुने वर्तमानपत्र पसरले आणि मला ताटलीसकट त्यांच्यासमोर आणून आदळले.

"हा बसवा," ती मोठ्याने म्हणाली.

"कशाला? लावणार कोण?"

"हात तुमचे. ऐकायचं मी बघते."

"तू? तुला काय कळतं त्यातलं?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "छत्तीस वर्षं माझ्या खिडकीखाली तुमचं हे ढुर्र-ढुर्र चाललंय. भाजी चिरताना ऐकलं, पोरीला निजवताना ऐकलं, तापात पडले होते तेव्हासुद्धा ऐकलं. तुमचं बरोबर लागलं की मी आत चहा ठेवायची. तुम्ही आत येईपर्यंत कप भरलेला असायचा की नाही?"

फिटर तिच्याकडे बघतच राहिले. चहा वेळेवर कसा येतो, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पडलाच नव्हता. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ते उगीच नाही. घरात एक तयार कान आहे हे मलाही माहीत नव्हते.

"जेट गेलंय याचं," ते खाली बघत म्हणाले. "मी सुई घातली."

"ठाऊक आहे. वाकलेली सुई डब्यात परत कोण ठेवतं? नव्याचं जेट काढून याला लावा. नवा काही तक्रार करणार नाही."

नव्याचे जेट माझ्या पोटात बसले. तो खोक्यात गप्प राहिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

अंगणात गाडी सुरू झाली. यावेळी फिटरनी डोळे मिटले नाहीत. डावा हात टाकीवर, उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि नजर बायकोच्या चेहऱ्यावर. ती खिडकीत उभी होती, तिच्या नेहमीच्या जागी.

"अजून थोडं... थोडं... आता घशात अडकल्यासारखं करतंय. मागे घ्या. मागे... बास!"

"अगं, दीड फेरा अजून झाला नाही."

"दीड तुमचा. त्याला एवढंच पुरे आहे म्हणतोय तो."

तो मी. इतक्या वर्षांत प्रथमच कुणी माझे म्हणणे शब्दांत सांगितले होते. नव्या जेटने माझे माप थोडे बदलले होते, आणि ते तिने बरोबर ओळखले. फिटर मुकाट्याने गल्लीला दोन फेऱ्या मारून आले. गरम प्लग फडक्यात धरून उघडला. काजळी नाही, पांढरेपणाही नाही, टोक छान तपकिरी. मिश्रण बरोबर असल्याचा याहून चांगला पुरावा नसतो. ते प्लग हातात घेऊन पायरीवर बसले.

आतून बायको काहीतरी म्हणाली. त्यांनी सवयीने मान हलवली. मग ते थांबले, उठले आणि खिडकीशी गेले.

"काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "हल्ली मला ऐकूच येत नाही गं नीट. भीती वाटते."

 खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून तिने त्यांच्या पेट्रोलने ओल्या बोटांवर ठेवला. "चहा ठेवलाय म्हणाले," ती सावकाश, मोठ्याने म्हणाली. "आणि लेकीला फोन करते. तिच्या डॉक्टरांकडे जाऊ या."

आता फिटरच्या कानात छोटे यंत्र आहे. त्यातून माझा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो, अशी त्यांची तक्रार आहे. त्यामुळे मला लावायचे काम दोघांचे मिळून झाले आहे. गाडीवरही बायको मागे बसते आणि मागून मोठे वाहन आले की त्यांच्या उजव्या खांद्यावर थाप मारते. पेट्रोलच्या वासाबद्दल मात्र अजून पुटपुटते.

मित्रांनो, माझी विनंती ऐका. घरातल्या यंत्रांची काळजी घ्या. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर माझ्यातले पेट्रोल काढून ठेवा, ते साकळते. जेटमध्ये सुई घालू नका, कितीही जीव कासावीस झाला तरी. पण यंत्राची काळजी घेणे तसे सोपे आहे. माझ्या पोटात कण गेला तर मी खोकतो, ठसकतो, बंद पडतो, आणि सगळ्यांना लगेच कळते. माणूस तसा बंद पडत नाही. ऐकू आले नाही तरी तो मान हलवत राहतो. त्याच्याकडे आधी बघा.