भिंतीपलीकडचं ‘बरं आहे’

“वहिनी, आमच्या आईचं ‘बरं आहे’ कधी खरं धरू नकोस हं.”

नणंद परत जाताना, चपला घालता घालता म्हणाली होती. बाळाच्या हनुवटीवरचं दूध पुसत वहिनी नुसती हसली होती. तिच्या माहेरी कुणाचं नख तुटलं तरी गल्लीला कळायचं. दुखतं तो बोलतो, बोलत नाही त्याचं दुखत नाही. इतकं ते सरळ होतं.

आता टळटळीत दुपार. पडद्यातून आलेलं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलत होतं आणि खोली कुठेतरी संथ वाहत चालल्यासारखी वाटत होती. पलीकडे सासूबाई शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होत्या. बाळ झोपायचं ते त्या घरघरीवरच. मशीन थांबलं की भोकाड. ती बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. डोळा लागायचा, दचकून जाग यायची, पुन्हा बोट.

मध्येच तिनं भिंतीला विचारावं तसं विचारलं,

“आई, बरं आहे ना?”

“बरं आहे.”

तेवढं तिला पुरलं.

मग माहेरहून आईचा फोन आला. कशी आहेस गं? डोळे मिटले की बाळ श्वास घ्यायचं विसरेल अशी धास्ती वाटते, परवा न्हाणीघरात नळ सोडून रडले, सगळं सगळं ओठांपर्यंत आलं.

“बरं आहे,” ती म्हणाली.

तो आवाज तिचा नव्हता. भिंतीपलीकडून मघाशी आला होता तोच. तसाच सपाट, शेवटाला किंचित दबलेला.

फोन कसाबसा आटोपून ती कान देऊन बसली. मशीन चालूच होतं. पण आज त्याचा आवाज हलका होता, पोकळ. खाली कापडच नसल्यासारखा.

ती दारात थबकली. सासूबाईंचा पाय चालत होता आणि सुईखाली काहीच नव्हतं. अर्धा शिवलेला अभ्रा जमिनीवर पडला होता. उजवा हात मांडीवर होता, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

“मघापासून बोटं ऐकेनात,” त्या हळूच म्हणाल्या. “थांबले असते तर बाळ उठलं असतं.”

“मग सांगायचं नाही का, आई?”

त्यांना खरंच नवल वाटलं.

“सांगितलं की. बरं आहे म्हटलं ना तुला.”

तिनं नवऱ्याला फोन लावला. गाडी घेऊन ये, आत्ताच्या आत्ता, दवाखान्यात जायचंय. मग खाली बसून तिनं सासूबाईंचा तो गार हात आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं त्यांचा चालता पाय थांबवला.

पलीकडे बाळानं सूर लावला. ती उठली नाही. रडतंय ना, मग त्याचं ठीक आहे.

तुमच्या घरातही आतल्या खोलीतून कुणीतरी मघाशी ‘बरं आहे’ म्हणालं असेल. जरा डोकावून येता?